पाखरीच्या बरगड्या

मलिकाने खरारा बाजूला ठेवला आणि पाखरीच्या पोटावरून उघडा हात फिरवून बरगडी कुठे लागते का ते पाहिलं. नाही लागली. घोडी चांगली भरली होती. दिवाळीपासून टांग्याला जुंपलीच नव्हती, भरणार नाही तर काय! धनी, बादशहा, आत भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि ही दारात उभ्या उभ्या गवत खाऊन सुस्तावलेली.

गवत आणायचा आकाराम. कळंब्याचा शेतकरी, बादशहाचा तालमीपासूनचा दोस्त. आज तो गवत टाकून गेला नाही. त्याने पाखरी टांग्याला जुंपली, बादशहाला दंडाला धरून मागे बसवलं आणि लगाम स्वतः घेतला. सरकारी दवाखान्यात गुरुवारी मिरजेहून मनाचे डॉक्टर यायचे, तिकडे निघायचं होतं. आकारामला हे मुळीच पसंत नव्हतं. वेड्यांच्या डॉक्टराकडे कशाला न्यायचं, मागच्या वेळेसारखी ताकदीची इंजेक्शनं दिली की गडी उठून बसेल, असं तो वाटभर ऐकवत होता. मलिका ऐकून घेत होती. तिला भीती होती ती त्याचीच, तो उठेल याची.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुठल्या तोंडाने? नवरा हसायला लागला की बायको भिते, हे ऐकून गल्लीने तिलाच वेडी ठरवलं असतं.

कारण बादशहा उठायचा तो असा, की सगळी पेठ खूश. पोरांना फुकट रपेट, तालमीला मटणाचं जेवण, ओळख ना पाळख त्या माणसाच्या गळ्यात हात. झोप म्हणून नाही. गावात रिक्षा वाढल्या होत्या, त्यांच्याशी पैज लावून टांगा पळवायचा. लोक म्हणायचे, नावासारखाच बादशहा हाय गडी. दर्ग्याचा गंडा लागू पडला म्हणून सासू पेढे वाटायची, इंजेक्शनवाले डॉक्टर स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे. घोडीकडे कुणी बघत नव्हतं. शेवटच्या खेपेला चार पावण्यांना पन्हाळा दाखवतो म्हणून त्याने चढावर तिला चाबकाने पळवली आणि वाघबिळाच्या वळणावर ती गुडघ्यांवर कोसळली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तोही अंथरुणाला लागला.

डॉक्टर वयाने तरुणच होते. आकारामने सगळं सांगितलं. जेवत नाही, बोलत नाही, आता जगून काय करू म्हणतो. बादशहा खाली मान घालून शेजारी बसला होता.

"आणि याच्या आधी कसे होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आदी? एक नंबर!" आकारामचा चेहरा फुलला. "असला दिलदार मानूस कोल्हापुरात न्हाय, सायेब. त्यो परत तसा झाला की झालं. दुसरं कायबी नगं."

डॉक्टरांनी मान हलवून पेन उचललं.

"लिवू नगा, डॉक्टर," मलिका म्हणाली. तिचा तिलाच आवाज मोठा वाटला. "त्येच्या आदीबी हे बरं नव्हतं."

"वैनी, काय बोलताय?"

"आकारामभाऊ, तुमी गप बसा. डॉक्टर, तुमी आमची घोडी बघा."

खिडकीतून कडुनिंबाखाली उभा असलेला टांगा दिसत होता. डॉक्टर हसले नाहीत. उठून खिडकीशी गेले. मलिका त्यांच्या पाठीकडे बघत बोलत राहिली.

"हे पडलं की ती भरतीया. हे हसाय लागलं की तिच्या बरगड्या दिसत्यात. आता भरलीया, पर तिचं गुडघं बघा. मला ह्येंच्या रडन्याचं भ्या न्हाय वाटत. हसन्याचं वाटतंय."

मग बादशहाने मान वर केली.

"खरं हाय तिचं," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज ऐकू आला. "थांबावं वाटायचं. पर थांबता यायचं न्हाय."

आकारामने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

डॉक्टर परत खुर्चीत बसले आणि आता तिलाच विचारू लागले. झोप किती, खर्च कसा, बोलणं कसं, आधी असं कधी झालं होतं. ती सांगत गेली. शेवटी ते म्हणाले की आज ठाम सांगणार नाही, रक्त तपासू, पुढच्या गुरुवारी परत या. पण पडणं आणि उठणं हे दोन नव्हेत, एकच आजार दिसतो, चढ-उताराचा. नुसती उठवायची औषधं दिली तर माणूस पुन्हा चढालाच लागतो.

"म्हंजे ह्येला नाव हाय?" मलिकाने विचारलं.

"आहे. औषधही आहे. मात्र फार दिवस घ्यावं लागेल, आणि मधूनमधून रक्त तपासावं लागेल."

तिने पदर तोंडाला लावला आणि तिथेच रडली. इतकी वर्षं आपणच काळ्या मनाची, नवऱ्याचं सुख न बघवणारी बाई, असं ती धरून चालली होती. छातीवरचा दगड उतरला तशी ती रडली, आणि रडताना तिला हसूही येत होतं.

बाहेर आल्यावर आकाराम आधी घोडीसमोर उकिडवा बसला. तिचे गुडघे त्याने नीट बघितले. परतताना त्याने चाबूक उचलला नाही.

उन्हाळा गोळ्यांत आणि दवाखान्याच्या खेपांत गेला. आजार तोच निघाला. मृगाच्या सुमाराला बादशहा पुन्हा टांगा काढू लागला, स्टँडपासून रंकाळ्यापर्यंत, बेताबेताने.

एका संध्याकाळी तो दारात पाखरीचा साज उतरवत होता. मलिका आत तांदूळ निवडत होती. आणि बादशहा गुणगुणायला लागला. जुनंच गाणं, तो चढाला लागला की म्हणायचा तेच. मलिकाचा हात सुपात थांबला.

बाहेरचं गाणंही थांबलं. त्याने उंबऱ्यातून तिच्याकडे बघितलं.

"बघ की जरा," तो म्हणाला. "दिसत्यात का?"

ती उठून बाहेर आली. पाखरीच्या पोटावरून तिने सावकाश हात फिरवला, एका बाजूने, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने. घोडीने शेपटी उडवली.

"न्हाईत दिसत."

"मग म्हनू फुडचं?"

"म्हना की," मलिका म्हणाली, आणि तिथेच चाकाला टेकून उभी राहिली.