इझमीरच्या बाजारात वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पूजेची घंटा आहे. वीतभर उंच, पितळेची. माझ्या मुठीवर हात जोडून बसलेला गरुड आहे आणि त्याचे नाक जरा वाकडे आहे. नाशिकच्या ज्या ओताऱ्याने मला ओतले, त्याने साचा फोडताना घाई केली. मला हातात घेऊन त्याने आधी कपाळावर हात मारला. मग टिचकी मारून कान लावला आणि बायकोला म्हणाला, "नाकाचं जाऊ दे, गळा बघ कसला लागलाय." तेव्हा माझ्या डोक्यात जी हवा शिरली, ती बरीच वर्षे उतरली नाही.

मला विकत घेतले ते लक्ष्मीबाईंनी. त्यांचा संसार तेव्हा नवा होता. दुकानातली एकूण एक घंटा त्यांनी वाजवून पाहिली. दुकानदार पार कंटाळून गेला, तेव्हा कुठे माझी पाळी आली आणि त्या म्हणाल्या, "हीच." त्यांच्या घरी मी रोज सकाळी अशी वाजायची की शेजारच्या बायका म्हणत, लक्ष्मीबाईंची पूजा झाली, आता डबे भरायला हवेत. सणावाराला चिंच लावून त्या मला स्वतः घासत. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढे लक्ष्मीबाईंचे यजमान वारले. त्यांचा एकुलता एक मुलगा शशिकांत कतारमध्ये, दोह्याला इंजिनिअर होता. समुद्रातला गाळ उपसून किनाऱ्यावर भराव घालणाऱ्या एका कंपनीत तो काम करी. १९७९ साली तो आणि त्याची बायको विभावरी येऊन आईला घेऊन गेले. लक्ष्मीबाईंनी साड्या मोजक्या घेतल्या, देव मात्र सगळे घेतले. प्रवासात मी वाजू नये म्हणून विभावरीने माझ्या लोलकाला चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारली. लोलक म्हणजे माझी जीभच. मला वाटले, पोचलो की सोडतील. कसचे काय!

दोह्याच्या अल मुंतझा भागात त्यांचा फ्लॅट होता. खालच्या मजल्यावर अबूबकर नावाचे गृहस्थ राहत. ते रात्रभर बेकरीत खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, भाजत आणि आमच्या पूजेच्या वेळी नुकतेच झोपलेले असत. विभावरीने सासूबाईंना समजावले की बिचाऱ्यांची झोप मोडायला नको, चिंधी राहू दे. लक्ष्मीबाईंना ते पटले, कारण त्यांनाही अबूबकरांची दया येई. पण पटणे वेगळे आणि रुचणे वेगळे. देवासमोर मला हलवले की 'थप् थप्' एवढाच आवाज निघे, आणि त्या पुटपुटत, "देवाला वाटेल, म्हातारी पूजा करतेय की पापड लाटतेय."

अशी सहा वर्षे गेली. माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या तोंडात सहा वर्षे बोळा! चिंधी जुनी झाली की विभावरी नवी बांधी, आणि तिची गाठ म्हणजे गाठ. पण खरे सांगते, तिचा मला राग आला नाही. ती स्वतःही तशीच होती. तिने कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नाही. सासूबाईंना जेवायला बोलवायचे तर स्वयंपाकघरातून हात पुसत खोलीपर्यंत येई आणि दारात उभी राहून हळूच सांगे. शेजारी काय म्हणतील, लोक काय म्हणतील, याची तिला फार धास्ती. लक्ष्मीबाई मात्र दोह्यात छान रुळल्या. दुकानदाराचे आभार मानायला "शुक्रन" म्हणत आणि घरातून निघायला उशीर झाला की सगळ्यांना "यल्ला, यल्ला" करून पिटाळत.

१९८५ साली दोह्यातल्या काही मराठी कुटुंबांनी सुट्टीत तुर्कस्तानला जायचे ठरवले. इझमीर नावाचे तिथे एक फार जुने बंदर आहे. त्या शहराचा जुना भाग पायी फिरून पाहायचा, बरोबर माहिती सांगणारी बाई असणार, असा बेत होता. शशिकांतचे मत पडले की आईला नेऊ नये. तिचे गुडघे दुखतात, डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, मराठीशिवाय भाषा येत नाही. ती हरवली तर परक्या देशात कुणाला काय सांगणार? एरवी कधी न बोलणारी विभावरी तेव्हा बोलली.

"त्यांना मागे ठेवून मला तिथे घास उतरायचा नाही. मी सांभाळीन त्यांना. माझ्यावर सोडा."

शशिकांतने सोडले. लक्ष्मीबाई आल्या, आणि देवांच्या पूजेत खंड नको म्हणून देवही आले. देव आले म्हणून मी आले.

इझमीरमध्ये पहिल्याच सकाळी बस लवकर आली आणि पूजा राहून गेली. लक्ष्मीबाईंनी देवांची पिशवी बरोबर घेतली. वाटेत स्वच्छ जागा आणि पाणी मिळाले की पूजा करीन, तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम. पिशवी जड होती, म्हणून ती विभावरीच्या खांद्यावर आली. आत एका कोपऱ्यात बाळकृष्णाशेजारी मी होते.

माहिती सांगणाऱ्या बाईंचे नाव जाहिदा. उंच, करड्या कोटातल्या, चालायला भलत्याच चपळ. समुद्रालगतच्या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी त्यांनी सगळ्यांना गोळा केले आणि इंग्रजीतून शहराची गोष्ट सुरू केली. विभावरी ती हळू आवाजात मराठीत करून सासूबाईंना सांगे. डोंगराआडच्या गावांतून उंटांवर लादून अंजीर आणि बेदाणे इथे येत आणि इथून गलबतांवर चढून जगभर जात. लक्ष्मीबाईंनी विचारले की बेदाणे नाशिकलाही येत होते का. जाहिदाबाई हसल्या आणि म्हणाल्या, आले असतील.

मग सगळे बाजारात शिरले. तिथला मोठा रस्ता सापासारखा वळत जातो. जाहिदाबाईंनी सांगितले की पूर्वी इथे आतपर्यंत समुद्र होता. हा रस्ता त्याच्या काठाकाठाने जायचा. मग बंदर गाळाने भरले, समुद्र मागे हटला, तरी रस्ता जुन्या किनाऱ्याचे वळण विसरला नाही. गाळ आणि भराव म्हटल्यावर शशिकांतची कळी खुलली. तो जाहिदाबाईंच्या बरोबरीने पुढे चालू लागला आणि दोह्यात आम्ही समुद्र कसा मागे सारतो ते सांगू लागला. नवऱ्याला कामाची गोष्ट मिळाली की तो जगाला विसरतो, हे विभावरीला ठाऊक होते.

पुढे एक जुनी सराई लागली. व्यापारी आणि त्यांचे उंट उतरायचे ती जागा. आत मोठे दगडी अंगण, दोन बाजूंना दोन दरवाजे आणि मधोमध एक भला थोरला चिनार. त्याच्या बुंध्याभोवती दगडी पार बांधलेला. लक्ष्मीबाई थबकल्या. झाड कुठले, देश कुठला, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. एवढे जुने झाड आणि त्याला पार, म्हणजे प्रदक्षिणा घालायलाच हवी. चपला काढून त्यांनी पाराला हात लावून नमस्कार केला. विभावरीला म्हणाल्या की तू हो पुढे, मी आलेच. तेवढ्यात कुणीतरी विभावरीला फोटो काढायला बोलावले. फोटो निघाला, मंडळी पुढच्या दरवाजाने बाहेर पडली, आणि विभावरी वळून पाहते तो पाराभोवती कुणी नाही. लक्ष्मीबाई प्रदक्षिणा संपवून समोर दिसला त्या दरवाजाने बाहेर पडल्या होत्या. तो मागचा दरवाजा होता.

मागे गल्ल्यांचे नुसते जाळे होते. विभावरी एका गल्लीत धावली, परतली, दुसरीत धावली. शशिकांत आणि जाहिदाबाई परत आले. जाहिदाबाईंनी दुकानदारांना तुर्कीत विचारले. निळे लुगडे नेसलेली म्हातारी कुणी पाहिली होती, पण कुठे गेली ते कुणाला नक्की सांगता येईना. शशिकांतने एकदा बायकोकडे पाहिले आणि तो पुढच्या गल्लीत शिरला. पिशवीतून मला विभावरीच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. सासूबाईंच्या पोटात सकाळपासून काही नाही, ऊन चढले आहे, पायांत धड चपला आहेत की त्याही पाराशी राहिल्या, असे सगळे तिच्या मनात येत असणार. तिने हाक मारायला तोंड उघडले. भोवती माणसेच माणसे. सगळी तिच्याकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, पण ती हाक शेजारच्या कापडाच्या दुकानापर्यंतही पोचली नाही.

डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून तिने पिशवीत हात घातला आणि हाताला मी लागले.

तिने मला बाहेर काढले. चिंधीची गाठ सुटेना. नखांनी सुटेना, तेव्हा तिने दातांनी ओढली. स्वतःच मारलेली गाठ तिने दातांनी फाडून काढली, मित्रांनो, आणि मग मला असे हलवले की माझा गरुड भोवंडून गेला.

सहा वर्षांचे सगळे साचलेले त्या बाजारात बाहेर पडले. मी खणखणले. भांडी ठोकणारे कारागीर हात थांबवून बघू लागले. चहाचे पेले तोंडाशी थबकले. जाहिदाबाई पुढे होऊन वाट मोकळी करू लागल्या. विभावरी धावत होती, मला वाजवत होती, आणि माझ्या आवाजाच्या आधाराने तिचाही आवाज फुटला. "आई! अहो आई!" असा आवाज तिच्यात होता हे मलाही माहीत नव्हते. एका वळणावर दगडी पायरीवर तिचा पाय घसरला. ती सावरली, पण मी भिंतीच्या कोपऱ्यावर आदळले. माझ्या अंगात काहीतरी चिरत गेले. विभावरी थांबली नाही, म्हणून मीही थांबले नाही. फक्त आता खणखणाट नव्हता, नुसती घरघर होती.

त्या घरघरीला उत्तर आले. "अगं, वाजवतेस काय अशी! इकडे आहे मी."

सुक्या मेव्याच्या एका दुकानासमोर बुटक्या स्टुलावर लक्ष्मीबाई ऐसपैस बसल्या होत्या. पायांत चपला होत्या. दुकानाची मालकीण, जैतून नावाची बाई, शेजारी बसून त्यांचे गुडघे चेपत होती. दोघींचे बोलणे अगदी रंगात आले होते, एकीचे मराठीत, दुसरीचे तुर्कीत. शशिकांत धापा टाकत म्हणाला, "आई, किती घाबरवलंस! हरवली होतीस तू."

"मी कशाला हरवतेय? मी एका जागी बसून आहे. हरवलात तुम्ही," लक्ष्मीबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेकडे पाहिले. सुटलेले केस, धुळीने भरलेला साडीचा काठ, आणि लोकांच्या देखत ढसाढसा रडणारी विभावरी. त्यांनी तिला जवळ ओढून घेतले आणि पदराने तिचे तोंड पुसले.

पूजा तिथेच झाली. जैतूनने पाणी दिले, स्टूल धुऊन दिले आणि नैवेद्याला अंजीर दिले. आपले काम सोडून ती आणि जाहिदाबाई शेवटपर्यंत गप्प उभ्या राहिल्या. पूजा आटोपल्यावर लक्ष्मीबाईंनी सकाळपासूनचा पहिला घास घेतला, आणि मग कुठे विभावरीने.

दोह्याला परतल्यावर मला घासायला घेतले तेव्हा चीर सगळ्यांना नीट दिसली. काठापासून थेट निम्म्यापर्यंत गेलेली. शशिकांतने मला वाजवून पाहिले आणि तोंड वाकडे केले. भंगलेली वस्तू देवापुढे चालत नाही, हे त्याला आईनेच शिकवले होते. तो म्हणाला की ही खलास झाली, पुढच्या खेपेला नाशिकला मोडीत देऊ आणि नवी आणू. मोडीत, म्हणजे भट्टीत. मी घाबरले. लक्ष्मीबाई नेमधर्माच्या किती कडक, हे माझ्याइतके कुणाला माहीत? त्यांनी मला हातात घेतले. चिरेवरून अंगठा फिरवला.

"शास्त्र मला माहीत आहे, शशी," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासाठी ओरडून ओरडून हिचा घसा बसलाय. अशा बाईला कुणी घराबाहेर काढतं का?"

शशिकांतने नव्या घंटेचा विषय सोडून दिला. त्यांनी मला होते तिथेच, देवांच्या उजव्या बाजूला ठेवले. चिंधी काही पुन्हा बांधली गेली नाही. सकाळी मी गप्प राहायचे आणि संध्याकाळी, अबूबकर बेकरीत गेले की, आरतीला वाजायचे, असे ठरले. पहिल्या संध्याकाळी विभावरी पोळ्या लाटत होती. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आई, सुरू करा, आले मी!" लक्ष्मीबाई गालात हसल्या आणि त्यांनी मला उचलले.

मित्रांनो, त्याला आता खूप वर्षे झाली. माझा गळा पूर्वीसारखा राहिला नाही. पाहुणे माझा आवाज ऐकून नवी घंटा घ्यायला सुचवतात आणि घरातले लोक नुसते मान डोलावतात. तुमच्याही घरात एखादी चिरलेली, पोचे आलेली, कान तुटलेली वस्तू असेल. तिला मोडीत घालण्याआधी ती कुणासाठी चिरली, हे एकदा घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. आणि गर्दीत तुमचे म्हातारे माणूस मागे राहिले, तर लोक काय म्हणतील याचा विचार करत उभे राहू नका. मोठ्याने हाक मारा. आवाज चिरका निघाला तरी चालतो.