श्रुतिकेतला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, दुकानाचाही नव्हे. तुमच्यातल्या ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांनी मला पुष्कळदा ऐकलं आहे, तेव्हा पाहिलं मात्र कुणीच नाही. रेडिओवरच्या श्रुतिकेत सासरेबुवा रागाने घराबाहेर पडले की धाडकन आवाज यायचा ना, तो माझा. ओसाड बंगल्यात भूत शिरायचं तेव्हा कुरकुरायचो तोही मीच. भुताला दरवाजा कशाला लागतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मला रेडिओ केंद्राच्या सुताराने घडवलं. उंची मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी, भोवती चौकट, खाली चाकं. एका अंगाला कडी, दुसऱ्या अंगाला खिट्टी. वरच्या बिजागरीला सुतार नेमाने तेल द्यायचा आणि खालच्या बिजागरीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. "कुरकूर गेली की हा फुकट गेला," म्हणायचा. माणसांत कुरकुरणाऱ्याला कुणी जवळ करत नाही. माझं मात्र त्यावरच पोट चालायचं.

नाटक विभागात सगळे आवाज काढायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्या माझ्या खऱ्या मालकीण. चाळणीत वाटाणे फिरवून त्या पाऊस पाडायच्या. पत्रा हलवला की ढग गडगडायचे आणि गाजर मोडलं की कुणाचं तरी हाड मोडायचं. माझ्याजवळ आल्या की आधी नटांना विचारायच्या, "जाणारा रागावून चाललाय की रडत?"

"बाई, नुसता दरवाजा तर लावायचा आहे," नट म्हणायचे.

"मग तुम्हीच लावा."

उत्तर मिळेपर्यंत त्या माझ्या कडीला हात लावायच्या नाहीत. नटांना श्रोत्यांची पत्रं यायची, बाईंना कधी आलं नाही, आणि त्याचाच त्यांना तोरा होता. आवाज काढणारं कुणी आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं म्हणजे आपलं काम बिघडलं, असा त्यांचा हिशेब.

पुढे एका यंत्रात सगळे आवाज भरून आले. पाऊस हवा, बटण दाबा. मला अडगळीच्या खोलीत ढकललं. मोडक्या खुर्च्यांशी किती बोलणार? त्यांचं रडगाणं एकच, पाय गेला. शेवटी खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी त्या टेम्पो घेऊन आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. मला फार बरं वाटलं. मग त्यांनी मला गॅलरीत उभं केलं आणि माझ्यावर टॉवेल वाळत घातले. असो. ऊन तरी मिळत होतं.

त्या घरात बाईंना सगळे आत्या म्हणायचे, म्हणून मीही आता तेच म्हणतो. त्यांचा भाचा नाटकवेडा. त्याची आधीची नाटकं आपटली होती, आणि आपटण्यातलं मला थोडंफार कळतं. थिएटरच्या मॅनेजरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, हे नाटक चाललं नाही तर यापुढे आमच्याकडे तारीख मागू नकोस.

एके दिवशी भाचा कागदांची चळत घेऊन आला. मारधाडीच्या सिनेमाची खिल्ली, तीही जुन्या श्रुतिकेच्या थाटात. नायक एकटा धरण वाचवणार, हेलिकॉप्टरला लोंबकळणार, गुंडांची फौज लोळवणार. पण रंगमंचावर कुणी जागचं हलणार नाही. जुने कोट घातलेले नट एका मायक्रोफोनपुढे उभे राहून हातातले कागद वाचणार, आणि हाणामारी आवाजातून होणार.

आत्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"ही माझ्या कामाची टिंगल आहे," त्या म्हणाल्या.

"तुझ्या नाही गं, सिनेमाची."

"बरं, हेलिकॉप्टर कशाने करणार?"

"ते तूच सांग."

आत्यांनी थोडा विचार केला. "छत्रीने. भराभर उघडझाप करायची."

भाचा खो खो हसला.

"बघ, तूच हसलास," आत्या म्हणाल्या.

तरी त्या तयार झाल्या. भाच्यावर त्यांचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवत होते. अट एकच. मधे काळा पडदा हवा, आपण लोकांना दिसायचं नाही. भाच्याने शब्द दिला. माझ्यावरचे टॉवेल निघाले आणि मी टेम्पोत चढलो.

पहिला प्रयोग मी पडद्याआडून ऐकला. निवेदक घसा खाकरून म्हणाला, "श्रोतेहो, नायकाने अकराव्या मजल्यावरून उडी मारली आहे. तो खाली पोचेपर्यंत ऐकू या बाजारभाव." लोक हसले. मग आत्यांनी छत्री चालवली आणि थिएटरवर खरोखर हेलिकॉप्टर आलं. ओल्या फडक्याने कोबीच्या गड्ड्यावर असे ठोसे हाणले की मला माझ्या फळ्या दुखल्यासारख्या वाटल्या. एक आवाज चुकला नाही. आणि लोक गप्प. बाजारभावावर हसलेली माणसं शेवटपर्यंत पुन्हा म्हणून हसली नाहीत. मध्यंतरात कुणीतरी पडद्याजवळून जाता जाता म्हणालं, "रेकॉर्डिंग मात्र झकास आहे हं."

आत्यांनी ते ऐकलं. ऐकून त्या सुखावल्या. इतकं बेमालूम काम! त्याच बेमालूमपणाने नाटक पाडलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मॅनेजरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्याचा प्रयोग जाहीर झालाय म्हणून करा. त्यानंतर बघू." या 'बघू'चा अर्थ नाटकवाल्यांना बरोबर कळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रंगमंचावर जमले. काय करायला हवं ते भाच्याला माहीत होतं, पण शब्द देऊन बसला होता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. शेवटी खलनायकाचं काम करणारा नट पुढे झाला. स्वभावाने गरीब माणूस.

"आत्या, राग मानू नका. लोकांना वाटतं टेप लावलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण आपलं नाटक ती मूठ उघडण्यावर आहे."

आत्यांनी छत्रीची काडी सरळ केली. मग भाच्याला म्हणाल्या, "मी दिसले तर लोक मला हसतील."

"हसतील," भाचा म्हणाला. "तुला खोटं कसं सांगू? पण शब्द दिलाय तो दिलाय. पडदा राहू दे."

"आयुष्यभर कुणाला दिसले नाही रे. आता या वयात हातात कोबी घेऊन दिसू?"

संध्याकाळी पडदा होता तिथेच होता, आणि त्यामागे आत्या आणि मी.

नाटक सुरू झालं. बाजारभाव झाले. हेलिकॉप्टर आलं, गेलं, सभागृह कालच्यासारखंच थंड. पडद्याच्या फटीतून भाचा दिसत होता. तो विंगेत उभा होता आणि त्याचे ओठ नटांबरोबर प्रत्येक वाक्य म्हणत होते. आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या प्रवेशात खलनायक गुप्त अड्ड्याचा पोलादी दरवाजा उघडणार होता, म्हणजे माझी पाळी होती. आत्यांनी माझी कडी धरली. मला वाटलं आता ओढतील. त्यांनी ओढलं नाही, ढकललं. माझी चाकं फिरली, पडदा माझ्या डोक्यावरून सरकला, आणि मी पहिल्यांदा रंगमंचावरच्या उजेडात आलो. पाठोपाठ आत्या, काखेत छत्री आणि पदराला वाटाणे चिकटलेले.

खलनायक आपल्या भारदस्त आवाजात म्हणत होता, "उघडा तो वीस फुटी पोलादी दरवाजा!" आणि लोकांना दिसलो मी.

थिएटर फुटलं. असा हशा मी कधी ऐकला नव्हता. आत्या ताठ उभ्या राहिल्या, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आता या परत आत जातील आणि पुन्हा माझ्यावर टॉवेल येतील. पण काम समोर उभं होतं आणि हात थांबेनात. त्यांनी खालच्या बिजागरीवर भार देऊन मला इंच इंच उघडलं, आणि माझ्यातून वीस फुटी पोलाद करकरलं. हसता हसता लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोबी आला. दर ठोशाला लोक आधी आत्यांच्या हाताकडे बघत, मग मार खाणाऱ्या नटाकडे, आणि आपण फसतोय हे डोळ्यांनी दिसत असूनही पुन्हा फसत. दहा मिनिटांत आत्यांच्या लक्षात आलं, ही माणसं आपल्याला हसत नाहीत, त्यांना मजा येतेय. त्यांनी कोबीला एक ठोसा जास्तीचा दिला. तो कागदात नव्हता.

शेवटाकडे नायक आईचा निरोप घेतो. तो प्रवेशही थट्टेचाच, आई त्याला स्वेटर घाल म्हणत राहते. पण तो निघाला तेव्हा आत्यांनी मला हळू लावलं, लागता लागता जरा थांबवलं, आणि कडी घातली नाही. सगळं सभागृह एका म्हाताऱ्या बाईच्या हाताकडे बघत होतं, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

पडदा पडायच्या वेळी नटांनी वाकून नमस्कार केला आणि लोक आत्यांना पुढे बोलावू लागले. कसं पुढे जायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी मला उघडलं, मान खाली घातली आणि माझ्यातून चालत लोकांसमोर गेल्या. इतक्या वर्षांत माझ्यातून कुणी बाहेर पडल्याची ती पहिलीच वेळ. मला रडू आलं असावं, कारण मी उगाचच कुरकुरलो, आणि लोक पुन्हा हसले.

मॅनेजरांनी तारखा दिल्या. काळ्या पडद्याची भाच्याने आवाजाच्या सामानाला पिशवी शिवून घेतली. मी आता गावोगाव फिरतो, कडी सैल झाली आहे, चाकं बदलली आहेत. खालची बिजागरी मात्र तीच.

माझं एवढंच मागणं आहे. सकाळी घरातून निघताना तुम्ही घाईत असता, दार मागे ओढता आणि जिना उतरू लागता. आत बसलेलं माणूस ते ऐकत असतं. तुम्ही रागावून गेलात की हसत, हे त्याला तुमच्या पावलांच्या आधी कळतं. तेव्हा कडीवर हात ठेवलात की क्षणभर थांबा, आणि मग लावा.