भोंगा वाजवणारी बाई

“प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. वादळ यायच्या आधी तो असा बोंबलतो की मेलेला माणूस उठून बसेल. मग आणखी भोंगे कशाला हवेत?” ड्वेन कून्ट्झ टोपी मांडीवर ठेवत म्हणाला. पशुखाद्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याचा आवाज असा तयार झाला होता की माइकची गरज पडत नसे. चारदोन जण हसले.

सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या लिओटा प्रूइटने मान वर केली नाही, पण तिची नजर कागदावरून घसरून मागच्या रांगेकडे गेली. तिथे इना मे टीग बसली होती. हात पर्सवर, कोट अंगातच. ‘मेलेला माणूस’ हे शब्द तिने ऐकले असणारच.

“आमच्या बाजूला फोन लागतो का ते एकदा येऊन बघा, मिस्टर कून्ट्झ.” रुळांच्या पूर्वेला, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहणारी मारिसोल दुआर्ते उभी राहिली. कडेवर वर्षाची मुलगी झोपली होती, म्हणून ती हळू बोलत होती. “मी खिडकीत खुर्चीवर चढून फोन धरते तेव्हा कुठे एक दांडी दिसते. आणि तुमचा भोंगा? वारा आमच्याकडून तुमच्याकडे वाहत असला तर शनिवारचा बारा वाजताचा चाचणीचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही.”

“पोरी, मी तुमच्या विरुद्ध नाही.”

“मग बाजूनं बोला की.”

या वेळी हसणारे जास्त होते. मेयर गेलन रस्कने टेबलावर पेन वाजवलं. तो एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि सभेला नेहमी नखं घासून यायचा, तरी तेल उरायचंच. त्याने पुन्हा एकदा सांगितलं, की ओक्लाहोमातलं टॉलिव्हर हे काही श्रीमंत गाव नाही, आणि पुढे दोनच वाटा आहेत. शेजारच्या गावाने काढून टाकलेला एक जुना भोंगा जवळजवळ फुकट मिळतोय. तो रुळांपलीकडे उभा करायचा, तार ओढायची आणि बटण इथेच, नगर कार्यालयात, जुन्या बटणाशेजारी बसवायचं. नाहीतर नवे दोन भोंगे घ्यायचे. ते जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून आपोआप वाजतात, इथे कुणी बोट लावायचं कारण नाही. पण त्यासाठी पाच वर्षं प्रत्येकाच्या पाण्याच्या बिलात महिन्याला चार डॉलर वाढतील.

“जुना घ्या,” ड्वेन म्हणाला. “आपोआप, आपोआप काय लावलंय? आपल्याकडे मिस लिओटा आहेत. एकतीस वर्षं त्या बटणापाशी बसल्यात. तीन वर्षांपूर्वी, नऊ मेच्या वादळात, जिल्ह्याहून फोन आला पाच एक्केचाळीसला आणि भोंगा वाजला पाच एक्केचाळीसला. वहीत लिहिलंय, मी स्वतः वाचलंय. कुठलं यंत्र याहून लवकर वाजवणार? इना मेचा नवरा वेंडेल टीग माझा मित्र होता, देव त्याला शांती देवो, पण तो हट्टी होता. भोंगा वाजून अकरा मिनिटं झाली तरी घरातून निघाला नाही, तर त्याला भोंगा काय करणार? मिस लिओटांचा हात आहे तोवर मला यंत्र नको.”

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी “खरंय” म्हणालं. लिओटाच्या हातातली पेन्सिल थांबली.

आकाशाची भीती तिला लहानपणापासूनची. सहा वर्षांची असताना बापाने तिला अंगणातल्या जमिनीखालच्या वादळघरात ढकललं होतं आणि दाराची साखळी दोन्ही हातांनी धरून तो लोंबकळला होता. वर काहीतरी मालगाडीसारखं धडधडत गेलं, आणि त्या वेळात बापाचे बूट जमिनीपासून वीतभर वर उचलले गेलेले तिने पाहिले. एवढा जाडजूड माणूस, आणि त्याला कुणीतरी वरून ओढत होतं. पुढे नगर कार्यालयात पाणीपट्टीच्या खिडकीवर नोकरी लागली, तेव्हा बटणाचं काम तिने आपणहून मागून घेतलं. भिणाऱ्या माणसाला झोप लागत नाही, तो वेळेवर जागा असतो, असं तिने तेव्हाच्या मेयरला सांगितलं होतं. कार्यालय पाचला बंद व्हायचं, पण आभाळ भरलेलं असलं की ते निवळेपर्यंत ती घरी जात नसे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या वसंतात मात्र तिचं दोनदा चुकलं होतं. दोनदा जिल्ह्याहून फोन आला, दोनदा तिने भोंगा वाजवला, दोनदा काहीच आलं नाही. पहिल्या वेळी शाळेचा पदवीदान समारंभ मोडला. दुसऱ्या वेळी एका म्हातारीने तळघराच्या पायऱ्यांवर पडून खुबा मोडून घेतला. ‘कोंबडी शिंकली तरी मिस लिओटा भोंगा वाजवतात,’ हे ड्वेननेच दुकानात उठवलं होतं. लोक खिडकीवर येऊन हसत हसत विचारायचे, आज कोंबडीची तब्येत कशी आहे?

नऊ मेला फोन आला तेव्हा तिचा हात बटणावरच्या पत्र्याच्या झाकणापर्यंत गेला होता. ढग नैऋत्येला फिरतोय, असं पलीकडचा मुलगा म्हणाला. जमिनीला टेकल्याचं त्याने सांगितलं नाही. तिला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघावं. ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. आभाळ टरबुजाच्या सालीसारखं हिरवं झालं होतं, वारा पडला होता, आणि धान्याच्या कोठाराच्या माथ्यावरची कबुतरं एकदम नाहीशी झाली होती. तिला आत जायचं होतं. पाय हलत नव्हते. तिसऱ्यांदा चुकले तर, हा विचार होता, आणि त्याच्या खाली दुसरी, सहा वर्षांच्या मुलीची भीती होती. मग ढगातून सोंड उतरली. ती धावली.

भिंतीवरच्या घड्याळात पाच पंचेचाळीस झाले होते. वहीत तिने नंतर एक्केचाळीस लिहिले.

“मिस लिओटा?” गेलन म्हणत होता. “दोन्ही प्रस्ताव वाचून दाखवता का? मग मतदान घेऊ.”

ती उठली. इतक्या वर्षांत सभेत ती कागद वाचण्यापलीकडे कधी बोलली नव्हती.

“वहीत खोटं लिहिलंय,” ती म्हणाली.

गेलनला वाटलं ती वृत्तांताबद्दल बोलतेय. “कुठलं पान?”

“नऊ मेचं. फोन एक्केचाळीसला आला, ते खरं आहे. भोंगा मी पंचेचाळीसला वाजवला. चार मिनिटं मी मागच्या दारात उभी होते.” तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. “मला हसतील असं वाटलं. आणि मी घाबरले होते. जुना भोंगा घेऊ नका. बटण माझ्या हातात देऊ नका. कुणाच्याच देऊ नका.”

ड्वेन टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

मागे खुर्ची सरकली. इना मे उभी राहिली होती.

“किती वाजता म्हणालीस?”

“पाच पंचेचाळीस.”

“नक्की?”

“नक्की.”

इना मे वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. आश्रम कार्यालयापासून दोन चौकांवर होता, आणि टीगांचं घर रुळांपलीकडे. हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

“आमच्याकडे भोंगा ऐकू यायचा नाही,” इना मे म्हणाली. ती लिओटाकडे पाहत नव्हती, मधल्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. “म्हणून आभाळ आलं की वेंडेल मला आश्रमात फोन करायचा. तू भोंग्याजवळ आहेस, वाजला का सांग. त्या दिवशी केला. पाच त्रेचाळीस झाले होते. मी वाटाणे गाळत होते. म्हणाला, इना, इकडे उजेड विचित्र दिसतोय, वाजला का? मी म्हणाले, नाही वाजला. वाजला असता तर मला ऐकू आला असता. तू जेवून घे.”

मारिसोलची मुलगी जागी होऊन कुरकुरली, मारिसोलने तिचं डोकं खांद्याशी दाबलं.

“मग वाजला. आधी म्हाताऱ्यांना मधल्या बिनखिडक्यांच्या बोळात न्यायचं होतं, सतरा जण होते. नेल्यावर त्याला लावला. लागला नाही. नंतर लागलाच नाही. वहीत एक्केचाळीस लिहिलंय असं कळलं तेव्हा मला वाटलं, मलाच ऐकू आला नसेल. नळ चालू होता. तीन वर्षं मी हेच धरून चाललेय, की भोंगा वाजत होता आणि मी त्याला वाजत नाही म्हणाले.”

इना मेने पर्स काखेत घेतली आणि ती निघून गेली. बाहेर अजून ऊन होतं. दार उघडलं तेव्हा जमिनीवर एक पिवळा चौकोन पडला आणि मिटला.

नव्या भोंग्यांच्या बाजूने सगळे हात वर झाले, ड्वेनचासुद्धा. लिओटाने मतं मोजून लिहिली, कारण ते काम तिचंच होतं. दुसऱ्या सकाळी तिने गेलनच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“काढून टाकायला पाहिजे, असं म्हणणारे आहेत,” तो म्हणाला. “मी त्यांना विचारलं, खिडकीवर तुमच्यापैकी कोण बसतंय? कुणी बसत नाही. बसा तुम्ही.”

ती बसली. लोकांचं खिडकीवर येणं कमी झालं. दाराच्या फटीतून पाणीपट्टीची पाकिटं आत पडायची. इना मेचं पाकीटही तसंच पडायचं, पाच तारखेला, सकाळी लवकर. लिओटाला कधी कधी पायरीवर तिची पावलं ऐकू यायची. ती उठायची, आणि उठून तशीच उभी राहायची.

पुढच्या एप्रिलात खांब उभे राहिले. माणसं आली आणि त्यांनी भिंतीवरचं बटण काढून नेलं. तिथे स्क्रूची चार भोकं आणि भोवतीच्या रंगापेक्षा उजळ असा एक तुकडा राहिला. लिओटाला वाटलं होतं, आता आपण निवांत होऊ. झालं उलटंच. आधी आभाळ आणि तिच्या मध्ये एक काम होतं. आता मध्ये काही नव्हतं. दुपारी ढग जमले की ती पाकिटं चिकटवता चिकटवता थांबायची आणि मागच्या दाराकडे बघत राहायची.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, भोंगा वाजला. आधी खालून, घशातून आल्यासारखा, मग चढत चढत. पहिला इथला, आणि त्याच्यामागोमाग रुळांपलीकडचा दुसरा, किंचित वेगळ्या सुरात. लिओटा खुर्चीतून उठली ती थेट भिंतीकडे गेली. उजळ तुकड्यावर तिचा तळवा टेकला तेव्हा तिला कळलं की तिथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. समोरच्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरापर्यंतचा रस्ता चाळीस पावलांचा होता. तो तिने कसा ओलांडला ते तिला नंतर आठवलं नाही. वारा पडला होता, एवढं आठवलं.

तळघरात पन्नाससाठ माणसं झाली. मारिसोल आली, पूर्वेकडच्या दहाबारा बायामुलांना पिकअपच्या मागच्या बाजूला भरून. “ऐकू आला,” ती उतरता उतरता गेलनला म्हणाली. “भांडी हादरली घरातली.” ड्वेन दाराशी उभा राहून म्हाताऱ्यांना हात देत होता. त्याने लिओटाला पाहिलं, टोपीला बोट लावलं आणि मान वळवली. भिंतीकडेच्या एका बाकावर लिओटा एकटी बसली होती. लोक उभे राहिले, जमिनीवर बसले, पण त्या बाकाशी आले नाहीत. वाईट हेतूने नसेलही.

सगळ्यांच्या शेवटी इना मे आली. कामावरून तशीच, अंगात एप्रन. तिने सगळीकडे पाहिलं, लिओटाकडेही पाहिलं, आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मग दिवे गेले.

मुलं रडायला लागली. कुणीतरी मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागलं आणि अर्ध्यावर विसरलं. वर लांबून काहीतरी धडधडत येत होतं, आणि त्यातूनही दोन्ही भोंगे ऐकू येत होते. लिओटाने बाकाची कड धरली. आपण पुन्हा सहा वर्षांच्या झालोय आणि दार धरायला बाप नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिचे हात इतके थरथरत होते की बाकाचा एक सैल पाय जमिनीवर टकटक वाजत होता.

बाक खाली दबलं. कुणीतरी शेजारी येऊन बसलं. कांदा आणि साबणाचा वास आला.

“बाक वाजतंय,” अंधारात इना मे म्हणाली.

“हो. थांबत नाहीये.”

वरचा आवाज वाढत गेला. मग इना मेने लिओटाचा हात चाचपून शोधला, बाकाच्या कडेवरून सोडवला, आणि आपल्या मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही तळवे दाबले. आश्रमातल्या म्हाताऱ्यांचे हात ती असेच दाबून धरत असावी. ते तळवे खरखरीत होते आणि अजून ओले होते. तेही थरथरत होते.

छपरावर गारा पडायला लागल्या.