सात खुणांची फीत

"खुणा वर दिसल्या पाहिजेत हं टाकेबाई. कशाखाली दाबून टाकू नका."

फोनमधला आवाज ऐकून टाकेबाईंच्या चिमट्यातलं घड्याळाचं चाक निसटलं आणि डिंकात जाऊन पडलं. "कसल्या खुणा?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण या आवाजाला उलट प्रश्न विचारायची हिंमत त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत झाली नव्हती, ती आज कुठून होणार?

"फितीवरच्या हो," आवाजानं आपणच सांगून टाकलं. "आई दर वाढदिवसाला मला दाराशी उभी करायची आणि ती फीत लावून पेन्सिलीनं खूण करायची. पाच वर्षांची होते तेव्हापासून अकरापर्यंत. सात खुणा आहेत. मग ती गेलीच. बाकीचं सामान नाही लावलंत तरी चालेल, पण खुणा दिसू द्या. मी चारला येते."

"हो, हो," टाकेबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

फीत खिडकीतल्या दोरीवर वाळत होती. दोन बोटं रुंद, जुन्या सुती विणीची, कडेला बारीक लेस. दुधासारखी पांढरीशुभ्र. टाकेबाईंनी ती उजेडात धरली, उलटी केली, चष्मा काढून डोळ्यांशी नेली. एकसुद्धा खूण नव्हती. त्या तिथंच स्टुलावर बसल्या.

काल संध्याकाळी त्यांनीच ती सोड्याच्या पाण्यात भिजवली होती. फितीवर काळपट आडव्या रेघोट्या होत्या, त्यांना वाटलं, घड्यांमध्ये साचलेला मळ. ब्रश घेऊन एकेक रेघ त्यांनी घासून काढली होती, आणि पाणी करडं झालं तेव्हा त्यांना चक्क बरं वाटलं होतं.

घासण्याची ही सवय दवाखान्यातली. तिथल्या कपड्यांच्या खोलीत त्यांनी उभा जन्म चादरी, अभ्रे आणि पडदे शिवण्यात घालवला. डॉक्टर माणसांना टाके घालतात, या चादरींना घालतात, म्हणून कोणीतरी गमतीनं टाकेबाई म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आणि त्या खोलीत रोज सकाळी पाहणीला यायच्या त्या मेट्रनबाई. ताडमाड उंच, पांढरा कडक पोशाख, बुटांचा टकटक आवाज. त्या चादर झटकून उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "डाग दिसला तर माझ्याशी गाठ आहे." बुटांचा आवाज जिन्यावर आला की टाकेबाईंची पाचावर धारण बसायची. आता फोनवर बोलल्या त्या त्याच मेट्रनबाई होत्या.

निवृत्तीनंतर टाकेबाईंना हा नवा नाद लागला होता. फुटकी बटणं, गंजक्या किल्ल्या, बंद घड्याळांची चाकं, जुन्या झालरी आणि लेसचे तुकडे, जे लोक फेकून देतात ते त्या गोळा करायच्या आणि त्यातून चौकटी सजवायच्या. हळूहळू लोक आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या वस्तू घेऊन यायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच दारात येऊन कोणी त्यांना "तुम्हीच करा" म्हणत होतं. त्यातच महिन्यापूर्वी मेट्रनबाई आल्या, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. आत आईचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, एका काचेचा चष्मा, शिंपल्यांची बटणं आणि गुंडाळलेली ती फीत. "आईचं एवढंच उरलंय," म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देणार?" त्या वाक्यावर टाकेबाई महिनाभर हवेत होत्या.

आणि आता त्यांनी त्या बाईचं लहानपण धुऊन टाकलं होतं.

"आई, एवढं काय झालं? तोंड किती उतरलंय," सूनबाई पोळपाट सोडून बाहेर आली. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "तुम्ही नवी लेस चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करता ना? तसंच करा. आणि पेन्सिलीनं ओढा सात रेघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रेघा कोणाच्या लक्षात असतात?"

"अगं, पण ते खोटं होईल."

"आणि खरं सांगाल त्यांना? तुम्ही? त्यांचं नाव निघालं तरी तुम्ही पदर सावरून उभ्या राहता."

ते मात्र शंभर टक्के खरं होतं. टाकेबाईंनी चहा उकळला.

फीत बुडवली, पिळली, इस्त्रीखाली वाळवली. मळकट पिवळा रंग असा बेमालूम चढला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मग शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीला बोलावून दाराशी उभं केलं, ती पाच वर्षांची होती, आणि पहिली खूण केली. पुढच्या अंदाजानं. तिसरी झाली आणि चौथीच्या वेळी हात असा थरथरला की रेघ तिसरीला जवळजवळ चिकटूनच पडली. खोडायला गेल्या तर चहाचा रंगही उडेल, म्हणून राहू दिली. प्रत्येक रेघ बोटानं चोळून पुसट केली. सगळं करताना त्यांचा एक कान जिन्याकडं होता, अजून बारासुद्धा वाजले नव्हते तरी.

जेवण गेलं नाही. शिवणयंत्राचा जुना खण त्यांनी चौकट म्हणून घेतला होता, त्यात मखमल लावली होती. अंगुस्तान, चष्मा, बटणं आपापल्या जागी बसली. मध्ये फीत नागमोडी ठेवून चार ठिकाणी नुसता कच्चा टाका घातला. काम सुरेख झालं होतं. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

चार वाजता जिन्यावर पावलं वाजली. आता टकटक नव्हती, काठीचा आवाज होता. तरीही टाकेबाई हात पुसत उभ्या राहिल्या, पाहणी असल्यासारख्या.

मेट्रनबाई वाकल्या होत्या, पण अजून दाराशी डोकं सांभाळावं लागत होतं. त्यांनी खण उजेडात धरला. अगदी तसाच, चादर धरायच्या तसा. आतल्या दाराआड सूनबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

खूप वेळानं मेट्रनबाईंचं बोट फितीवर फिरायला लागलं. एक, दोन, तीन. तिथं ते अडखळलं.

"ही बघा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. टाकेबाईंनी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. "सातवं आणि आठवं वर्ष. मधे बोटभरसुद्धा अंतर नाही. त्या वर्षी गोवर आला होता मला, महिनाभर अंथरुणात होते. आई म्हणायची, मेल्या तापानं पोरीची वाढ खाल्ली. मी विसरूनच गेले होते हो! आज ही रेघ बघून..."

त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. टाकेबाईंना वाटलं, संपलं, सुटले. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की आता कधीच सुटका नाही. ही बाई रोज या रेघेवर बोट ठेवणार. टाकेबाईंच्या थरथरत्या हाताला आपल्या आईचा हात समजणार.

"ती रेघ माझी आहे," टाकेबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "मेट्रनबाई, ती मी ओढलीय. आज सकाळी. हात थरथरला म्हणून जवळ पडली."

"म्हणजे?"

"मला वाटलं मळ आहे. डाग. काल सोड्यात घालून घासला मी. सगळं गेलं."

"सगळ्या?"

"सगळ्या. या सातही माझ्या आहेत."

मेट्रनबाईंनी खण मेजावर ठेवला. टाकेबाई खाली मान घालून ओरडा ऐकायला तयार झाल्या. खिडकीतली रिकामी दोरी हलत होती. ओरडा काही येईना.

"ते पाणी कुठं ओतलंत?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"मोरीत."

त्यांनी मान हलवली. मोरीकडं एकदा बघितलं. मग खुर्चीत बसल्या, आणि बसल्यावर प्रथमच टाकेबाईंना त्या एक दमलेली म्हातारी दिसल्या.

"डाग दिसला तर माझ्याशी गाठ आहे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मीच शिकवलं तुम्हाला."

"नाही हो, चूक माझीच. मी विचारायला हवं होतं."

"मला? मला कोणी काही विचारत असे का?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पुसा त्या."

टाकेबाईंनी कच्चे टाके उसवले. मेट्रनबाईंनी फितीचं एक टोक घट्ट धरलं, दुसरं टाकेबाईंनी, आणि खोडरबरानं एकेक रेघ पुसली. तिसरी आणि चौथी एकदमच गेल्या. जागोजाग चहाचा रंग उडाला आणि पांढरे ठिपके पडले.

मग मेट्रनबाई काठी टेकत उठल्या आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. फितीचं टोक त्यांनी टाचेखाली घेतलं. "धरा वर," म्हणाल्या.

टाकेबाई स्टुलावर चढल्या. फीत मेट्रनबाईंच्या कमरेवरून, खांद्यावरून, कानावरून वर गेली आणि डोक्याच्याही वर चार बोटं उरली.

"उरतेय," टाकेबाई म्हणाल्या.

"उरते? किती?"

"चार बोटं."

"मला ती कधी पुरती उलगडून बघायचा धीरच झाला नाही. खुणा छातीपाशीच संपायच्या." मेट्रनबाईंनी हात वर नेऊन उरलेलं टोक चाचपलं. "लांबच घेतली होती तिनं. मी एवढी होणार, हे धरून चालली होती."

टाकेबाईंना अजूनही भीती वाटत होती, पण ती मघाची नव्हती. ही फीतही हातून बिघडली तर दुसरी मिळणार नाही, एवढीच होती.

"एक खूण करा," मेट्रनबाई म्हणाल्या. "आजची. तुमच्या हातची, तुमची म्हणून. मग शिवा."

टाकेबाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि मेट्रनबाईंच्या पांढऱ्या केसांवर आडवी टेकवली. नीट बसेना.

"टाच टेका," त्या म्हणाल्या. "आणि हलू नका."

मेट्रनबाईंनी टाच टेकली, हनुवटी खाली घेतली आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या.