पलीकडच्या काठाच्या शिव्या

मी एक जुनी हलगी आहे. मित्रांनो, माझा आवाज मोठा आहे आणि स्वभाव त्याहून तापट. गोडगोड बोलणं मला जमत नाही. ज्यांना चालणार नसेल त्यांनी आत्ताच उठून जावं, मागाहून कानात बोटं घालून बसू नये.

माझा जन्मच मारामारीतला. मी आधी एका माजलेल्या बोकडाच्या अंगावरचं कातडं होते. तो बोकड जिवंत होता तोवर दिसेल त्याला शिंगं मारत हिंडायचा. तो गेल्यावर नाथाजी वाजंत्र्यांनी मला चुन्याच्या पाण्यात बुडवलं, केस खरवडले, चारी बाजूंनी ओढलं, लोखंडी कड्यावर चढवलं आणि वादीनं असं आवळलं की जीव नकोसा झाला. मग उन्हात टाकलं. मग उसाच्या पाचटाच्या जाळावर धरून शेकलं. मला वाटलं, संपले आता हाल. कसलं काय! उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हातात बारीक काडी घेऊन त्यांनी मला बडवायलाच घेतलं. कडाड्कड, कडाड्कड! आणि काय सांगू, पहिल्या चार फटक्यांतच मला त्याची चटक लागली.

आमचं गाव निंबघाट. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडून उतरून आलं की नदी लागते, तिच्या दोन्ही काठांवर ते वसलेलं आहे. अलीकडे मारुती पेठ, पलीकडे म्हसोबा पेठ. गाव जरा चक्रमच म्हणा. कुणी कसं राहावं आणि कुणाबरोबर राहावं, यात इथं कुणी नाक खुपसत नाही. शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणारी पूजा आणि सांगलीच्या जैन घरातली ब्राह्मी या दोघी इथं एका घरात संसार करतात. लोक त्यांना लग्नाच्या पत्रिकासुद्धा जोडीनं देतात. आमच्या नाथाजींच्या लेकराला जन्मल्यावर मुलगा समजून नाव ठेवलं होतं. शाळा संपली तशी ते लेकरू एक दिवस आईची साडी नेसून अंगणात आलं आणि म्हणालं, "आजपास्नं मी क्रांती." नाथाजी थोडे दिवस नुसते मलाच बडवत बसले. मग उठून त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "नाव कायबी ठिव, पोरी. हात तेवढा चुकू दिऊ नगं," ते म्हणाले.

आता गावची खरी गंमत ऐका. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे शिव्यांचा बार असतो. मारुती पेठेच्या बायका या काठावर, म्हसोबा पेठेच्या त्या काठावर, मध्ये गुडघाभर पाण्यात पोलीस. आणि मग सुरू होतात शिव्या! हातवारे करत, उड्या मारत, घसा फुटेपर्यंत. वर्षभर गिळलेलं सगळं त्या दिवशी बाहेर निघतं. चिखल उडतो, पदर फाटतात, एखादी चप्पल नदीतून वाहत जाते. दोन्हीकडच्या हलग्या मागून आगीत तेल ओततच असतात. त्या दिवशी आत्या नाही, मावशी नाही, थोरलं-धाकलं नाही. नियम एकच. माणसाच्या कामावर, आळसावर, चिकटपणावर, खोडीवर वाटेल ते बोला, पण जे त्याला जन्मानं मिळालं त्याला शिवी लावायची नाही. तो नियम मोडणारी बाई पुढच्या वर्षी काठावर उभी राहत नाही.

क्रांती पहिल्यांदा बायकांच्या रांगेत उभी राहिली तेव्हा मी तिच्या हातात होते. पलीकडे पुढाऱ्यासारखी उभी होती बनुबाई. ती मिरची कांडपाची गिरणी चालवते. तिच्या तोंडाला आख्खा तालुका वचकून असतो. तिनं क्रांतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बनुबाईनं कमरेवर हात ठेवले.

"ए क्रांते! साडी नेसलीस का पोतं गुंडाळलंस गं? निऱ्या आवर आदी, सटवे, न्हाईतर नदीत तोंडावर आपटशील!"

दोन्ही काठांवर हशा पिकला. क्रांतीनंही तिला सोडलं नाही. चांगली खणखणीत परतफेड केली आणि मला असं बडवलं की माझं अंग शेकून निघालं. मागे उभे असलेले नाथाजी तोंड फिरवून टॉवेलनं डोळे पुसत होते. लेक गावातली झाली, हे त्यांना त्या शिवीनं कळलं.

पुढे नाथाजी गेले. लग्नांत डीजे आले आणि हलगीला कुणी विचारेना. पोटासाठी क्रांती मला घेऊन सांगलीला गेली. तिथं खानावळीत पोळ्या लाटायची आणि एखाद्या वरातीत बोलावणं आलं तर मला वाजवायची.

अशाच एका वरातीत ते झालं. नवरदेवाकडची पिऊन तर्र झालेली माणसं तिच्याभोवती जमली. आधी नाच म्हणाली. ती म्हणाली, मी वाजवते, नाचत नाही. मग त्यांनी तिला शिव्या दिल्या. मित्रांनो, त्या शिव्या मी तुम्हाला सांगणार नाही. आमच्या गावात जी एक गोष्ट बोलायची नाही, तीच ते बोलत होते आणि दुसरं काहीच बोलत नव्हते. मग एकानं तिचे केस धरून तिला खाली पाडलं. लाथा बसल्या. ती मला पोटाशी धरून मुटकुळं करून पडली होती. दुसऱ्यानं मला तिच्याकडून हिसकावलं आणि माझ्याच लोखंडी कड्यानं तिच्या डोक्यात घाव घातला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिचं रक्त माझ्या कातड्यावर उडालं आणि आत मुरलं. आजूबाजूला माणसं मोबाईल वर धरून उभी होती; तो व्हिडिओ गावापर्यंत पोचला, पण फार उशिरा. मला आयुष्यभर मार मिळाला, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी मला मारायला लावलं, तेही तिला! तो राग माझा अजून गेलेला नाही, जायचाही नाही.

टाके घालून आल्यावर तिनं मला दाराआड खिळ्याला अडकवलं. पुढे वर्षं गेली. मला बुरशी आली, उंदरानं माझी वादी कुरतडली, पालीनं माझ्या मागे अंडी घातली. मला कुणी शेकलं नाही की एक टिचकी मारली नाही. क्रांतीसुद्धा तशीच झाली होती. लाटणं सोडलं तर तिच्या हाताला कशाचा नाद उरला नव्हता.

या वर्षी नागपंचमीला तिनं अचानक मला खाली काढलं, पुसलं, नवी वादी ओवली, टॉवेलात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी अंधारातच आम्ही पुण्याच्या एसटीत बसलो. सातारा मागे पडला तशी ती माझ्या कड्यावर तळवा ठेवून हळूच म्हणाली, "पलीकडनं मला एक शिवी आली, एक जरी आली, तर मी बापाचं घर उघडून गावातच ऱ्हानार. न्हाई आली तर मी आता गावची न्हाई. संध्याकाळच्या गाडीनं माघारी." तिला इतकं घाबरलेलं मी त्या वरातीतही पाहिलं नव्हतं.

गावात उतरलो तर काय! घाटावर मांडव, मांडवात खुर्च्या आणि वर हा एवढा मोठा फलक. त्यावर क्रांतीचा जुना फोटो आणि खाली 'गावचा अभिमान'. तिनं आठवड्याआधीच ब्राह्मीला फोन केला होता, आणि ब्राह्मीकडून ती येणार हे कळल्यावर आमच्या नव्या सरपंचानं, शिवतेजनं, हे सगळं घडवून आणलं होतं. पोरगं मनानं चांगलं, पण माइक हातात आला की त्याला आवरत नाही. त्यानं क्रांतीला मंचावर बसवलं. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. मलासुद्धा झेंडूची माळ घातली आणि ही हलगी ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात ठेवू असं जाहीर केलं. वर दोन्ही काठांना हात जोडून म्हणाला, "आपल्या ताईंनी बाहेर लय सोसलंय. आज त्यांचा मान राखायचा. त्यास्नी कुणी वावगा शबुद काढायचा न्हाई. बनुआत्या, तुमी तर अजिबात न्हाई!"

बार सुरू झाला. अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे नुसता भडिमार. "तुज्या भाकरीला कुत्रंबी त्वांड लावत न्हाई!" "तुज्या अंगनात डुकरं लोळत्यात, आन तू हांतरुनात!" पूजा-ब्राह्मीच्या वाट्याला आलं, "घरात दोन दोन बायका आन च्याला साखर न्हाई व्हय गं, चिकटांनो!" त्या दोघी हसतहसत चिखल फेकत होत्या. क्रांती खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली होती. प्रत्येक आरोळीला तिची मान वर व्हायची. सगळ्यांच्या नावानं शिव्या आल्या. तिच्या नावानं आली नाही.

शेवटी बनुबाईची नजर मंचावर आली. क्रांती अर्धवट उठली. बनुबाईनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि दोन्ही हात जोडून क्रांतीला नमस्कार केला.

सांगलीत डोक्यात कडं बसलं तेव्हा ही पोर रडली नव्हती, मित्रांनो. त्या नमस्काराला रडली.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. तिनं शाल काढून शिवतेजच्या डोक्यावर फेकली. "ताई, बसा की, तुमी पाव्हण्या हाय," तो म्हणत राहिला. "पाव्हणी आसंल तुजी आय!" म्हणून तिनं मला उचललं, माळ तोडली आणि वाजंत्र्यांनी हलग्या शेकायला पेटवलेल्या जाळावर मला धरलं. वर्षानुवर्षांची ओल सुटली, चरचर चटका बसला, कातडं ताणलं. आणि तिनं पहिला घाव घातला. कडाड्! घाटावरचे कावळे उडाले. ती वाजवत वाजवत थेट पाण्यात उतरली.

"ए बने! वाचा बसली का गं तुजी? का तिकटात विटा दळून दळून जीभ झिजली?"

पलीकडच्या काठावर बायका दोन पावलं मागे सरकल्या. बनुबाईच्या तिखटात भेसळ आहे असं बोलणं म्हणजे खेळ नव्हे. तिचा चेहरा लालबुंद झाला. पण माइकवरून शिवतेज ओरडला, "आत्या, धीर धरा! मान राखा!" आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

क्रांती आणखी पुढे गेली. मला एका हातात धरून तिनं दुसऱ्या हातानं नदीतला काळा चिखल उपसला आणि फेकला. तो थप्पकन बनुबाईच्या तोंडावर बसला.

"आगं ए घोडे!" पदर उडवून बनुबाई फुटली. "इटा दळती व्हय मी? तुज्या त्वांडात जातं घालीन! सत्कार घ्यायला आलीस व्हय गं, भवाने? बापाच्या घराचा वासा पडला, चुलीत मांजरं व्याली, तवा कुटं उलथली हुतीस? आमी काय मेलो हुतो व्हय गं? मार खाल्लास तिकडं आन आमाला सांगाय जीभ झडली तुजी? आमी समद्या कांडपाचं मुसळ घिऊन आलो नसतो? पाषाणे! करंटे! सटवे!"

बोलता बोलता ती पाण्यात उतरली होती. तिच्या मागे आख्खी म्हसोबा पेठ, इकडून आख्खी मारुती पेठ. मधले पोलीस केव्हा बाजूला फेकले गेले ते कळलंच नाही, एकाची टोपी तेवढी वाहत गेली. नखं, कोपरं, चिखल, किंकाळ्या! शिवतेज माइकवर ओरडत होता, तर त्याच्याच आईनं गर्दीतून त्याला चिखलाचा गोळा हाणला, "माइक ठिव खाली, मुडद्या!" बनुबाईनं क्रांतीची वेणी धरली आणि हिसका दिला. केस धरून खाली पाडलं की काय होतं ते मला माहीत होतं. मी मध्ये आले. बनुबाईची मूठ माझ्यावर बसली आणि माझं कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं.

दोघी पाण्यात आपटल्या. बनुबाईनं वेणी काही सोडली नाही. उलट ती हाताला गुंडाळून घेतली आणि क्रांतीचं तोंड आपल्या तोंडाशी ओढलं.

"जातीस का परत?" ती दातओठ खात म्हणाली. "जाऊन दाव. तंगडं मोडून दारात बांधीन."

"न्हाई जात," क्रांती म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती हसत होती.

"आन इटा दळत न्हाई मी."

"दळतीस."

मग पुन्हा जुंपली.

मित्रांनो, मी आता नव्या कातड्याची आहे. क्रांतीनं घराचा वासा बदलला, त्याच आठवड्यात मलाही मढवलं. काचेचं कपाट रिकामंच आहे, शिवतेज त्यात आता चहाचे कप ठेवतो. तुमच्या घरी कुठं हलगी, ढोल, ताशा असेल तर हात जोडून सांगते, त्याला हार घालून भिंतीला टांगू नका. त्याला उन्हात काढा, शेका आणि जोरात वाजवा.

आणखी एक सांगते. तुमच्या गल्लीतही कुणीतरी असेल, ज्याच्याशी सगळे फार अदबीनं बोलतात आणि भांडत मात्र कुणीच नाही. उद्या त्याच्या दारात जा. त्याच्या जन्माबद्दल चकार शब्द काढू नका, पण त्यानं रस्त्यात सांडलेल्या पाण्यावरून कडाकडा भांडा. तो उलट भांडायला बाहेर आला, की बाकीचं तुमचं तुम्हाला कळेल.