तेजरामच्या ताटातले बडे

तेजराम शेगावला गेला होता, हे सिहोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच पटलेलं नव्हतं. ऐन धानाच्या रोवणीत, बांदीत चिखल तयार, बाया रोपं घेऊन उभ्या, आणि घरधनी देवदर्शनाला, असा शेतकरी गावाने आधी पाहिला नव्हता. पण तसं त्याच्या बायकोने, कौशल्याबाईने सांगितलं होतं, आणि तिचं बोलणं तोंडावर खोडून काढण्याचा धंदा कुणाला परवडत नाही. लोकांनी फक्त प्रसाद मागितला. तेव्हा तिने तुमसरच्या बाजारातून मुरमुरे आणि साखरफुटाणे आणून कागदाच्या पुड्या बांधल्या आणि घरोघर वाटल्या.

शेजारच्या सुशीलाबाईने पुडी तिथेच उघडून दोन दाणे तोंडात टाकले. "शेगावच्या फुटान्याले बी आपल्या तुमसरचीच चव आहे व माय."

"देव सगळीकडे एकच रायते," कौशल्याबाई म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

खरी गोष्ट अशी की रोवणीच्या दिवशी बांधावरच तेजरामच्या छातीत कळ आली होती. मुलाने, धनंजयने, त्याला गाडीत घालून नागपूरला नेलं. तिथे डॉक्टरने हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, तेल-तुपाचं नाव काढायचं नाही असं बजावलं आणि घरी धाडलं. माणूस वाचला. आता मुलीचं लग्न वाचवायचं होतं.

मुलगी म्हणजे कीर्ती. लाखनीच्या मोतीलालचा मुलगा भूषण तिला पाहून गेला होता, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आणि मंडईच्या दिवशी मुलाचे आईबाप घर पाहायला, जेवायला आणि पक्कं करायला येणार होते. भाऊबीज झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. म्हणायला ती दुकानं आणि दंडारीच्या नाचगाण्यांसाठी, पण अर्ध्या जिल्ह्याची लग्नं तिथेच ठरतात, आणि मोडतातही. गोमाजीच्या मुलीची सोयरीक मागच्या मंडईत अशीच मोडली होती. गोमाजीला कधीकाळी लकवा मारून गेला होता, एवढंच पाहुण्यांच्या कानावर आलं. 'दुखनं पोरीसंग घरात येते,' असं म्हणून ते चहा न घेता उठले. गोमाजी आज गावात सगळ्यात भराभर चालतो, पण ते पाहायला पाहुणे थांबले नाहीत.

कौशल्याबाईने त्यावरून एकच धडा घेतला होता: छातीचं नाव घराबाहेर जाता कामा नये.

घरात मात्र राज्य सुनेचं होतं. तृप्ती जवाहरनगरची, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. तिथे एका भिंतीला आंध्रची काकू, दुसऱ्या भिंतीला बिहारची, त्यामुळे सगळ्या देशाचा स्वयंपाक तिला शेजारधर्मात मिळालेला. नागपूरहून आल्या दिवसापासून तिने तेलाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या उकडून, मुगाची आसट खिचडी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, आणि आठवड्यातून एकदा कोचईची ताकातली कढी, वरून लसणाची एवढीशी फोडणी.

"हे खाऊन मानूस जगते," तेजराम म्हणायचा, "पन काहून जगते ते समजत नाही." असं म्हणून तो वाटी पुढे करायचा. कढी तो दोनदा घ्यायचा. विचारलं तर म्हणायचा, भांडं रिकामं करून द्यावं म्हणून घेतली.

याच दिवसांत कौशल्याबाईचे उपास वाढले होते. सोमवार होताच, मग गुरुवार आला, मग शनिवार, मग कुठल्या तरी देवीचा मंगळवार. घरात कुणाच्या वाढदिवसाला पुऱ्या झाल्या, की त्या दिवशी नेमका उपास.  तृप्तीने ते फक्त लक्षात ठेवलं.

मंडईच्या सकाळी सासू-सुनेची जुंपली.

"कढई चढवा लागते," कौशल्याबाई म्हणाली. "मंडईच्या दिवशी ज्या घरी तळन नाही, त्या घरी सुतक आहे नाहीतर दुखनं आहे. पाहुना दारातूनच वास घेते."

"चढवू ना आई. पाहुण्यांसाठी बरबटीचे बडे, सुवाऱ्या, सगळं करू. बाबांना वेगळं वाढीन."

"वेगळं कसं वाढशीन? पंगतीत घरधनी पाहुन्याच्या बाजूले बसते. त्यानं बडा तोंडात घातल्याशिवाय पाहुना हात लावत नाही. हा तिथं खिचडी घेऊन बसन काय?"

"मी खातो ना मंग," तेजराम ओसरीवरून म्हणाला. "पोरीसाठी मानसानं येवढं तं करावं." इतका त्यागी बाप त्या सकाळी साऱ्या तालुक्यात नसेल.

"तुमी चूप बसा," दोघी एकदम म्हणाल्या. एवढ्या एका बाबतीत त्यांचं कायम जमायचं.

कीर्ती दारात उभी राहून कोथिंबीर निवडत होती. "सांगून काहून नाही टाकत? आज नाही तर उद्या समजनच."

"उद्या समजू दे. उद्या तू त्यांची होशीन, मंग कुठी टाकतीन तुले? आज समजलं तं आजच उठतीन."

शेवटी तृप्तीनेच वाट काढली. इकडे बरबटी म्हणजे चवळी, बडा म्हणजे वडा आणि सुवारी म्हणजे पुरी. बरबटीची वाटलेली डाळ तीच, जिरं, मिरची, कोथिंबीर तीच. पण तेजरामच्या वाट्याचे चार बडे तिने आधी वाफवून घेतले, आणि मग आंध्रच्या काकूने लग्नात दिलेल्या आप्पेपात्रात, थेंबभर तेलाचं बोट फिरवून, लालसर होईपर्यंत उलटसुलट भाजले. तळलेल्याच्या शेजारी ठेवले तर ओळखू येईनात. कौशल्याबाईने दोन्ही हातात घेऊन पाहिले, वजन करून पाहिले, आणि सुनेकडे पहिल्यांदाच असं पाहिलं, जसं एक व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पाहतो.

दोघींनी सगळा विचार केला होता. एकच गोष्ट सुटली. तृप्तीला ती माहीत नव्हती, कौशल्याबाई घाईत विसरली, आणि तेजरामला आठवत होती, पण त्याला गप्प बसायला सांगितलं होतं.

पाहुणे दुपारी आले. मोतीलाल म्हणजे मोठा आवाज, दाट मिशा, लाखनीला हायवेवर टायरचं दुकान. रस्त्यावरच्या ट्रकांशी बोलून बोलून त्याला हळू बोलता येत नव्हतं. त्याची बायको शकुंतलाबाई याच्या उलट. ती बोलत नव्हती, पाहत होती. भूषण मोबाइलमध्ये पाहत असल्याचं दाखवून दाराकडे पाहत होता.

"वास तं घमघम सुटला आहे," मोतीलाल दारातच म्हणाला.

कौशल्याबाईला तिथेच अर्धी सोयरीक पदरात पडल्यासारखं वाटलं.

धान, पाऊस, हायवेचं खोदकाम, हे सगळं बोलून झालं आणि ओसरीवर पंगत बसली. तेजराम, त्याच्या बाजूला मोतीलाल, मग भूषण आणि धनंजय. समोर शकुंतलाबाई, कारण तिने नंतर बायकांसोबत जेवायला नकार दिला. तृप्तीने नेमकी ताटं नेमक्या माणसांपुढे ठेवली. तेजरामने बडा उचलला, तोंडात घातला, डोळे मिटून छान म्हणाला. कौशल्याबाईने श्वास सोडला.

आणि तेजरामने रीत काढली.

त्याच्या भावकीत सोयरिकीच्या पंगतीला घरधनी आपल्या ताटातला बडा उचलून पाहुण्याच्या ताटात घालतो, आणि पाहुणा आपल्यातला घरधन्याच्या. एकमेकांच्या ताटातलं खाल्लं, की बोलणी पुढे सरकतात.

"घ्या मोतीलालजी, आमच्याकडची रीत आहे," तेजराम म्हणाला आणि उरलेले तिन्ही वाफवलेले बडे त्याच्या ताटात सारले.

"आमच्याकडे बी आहे," मोतीलाल म्हणाला. त्याने जराही वेळ न घालवता आपले चारही तळलेले बडे तेजरामच्या ताटात रिते केले.

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात भांड्यासारखी उभी राहिली. कढीचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आलेली तृप्ती जागच्या जागी थांबली. पाहुण्यासमोर सासऱ्याच्या ताटातून बडा कसा काढावा, हे ना जवाहरनगरात शिकवलं होतं, ना सिहोऱ्यात. तेजराम मात्र कुणाकडे पाहत नव्हता. त्याने पहिला बडा तोडला आणि इतक्या श्रद्धेने खाल्ला, की शेगावलाही तो इतक्या श्रद्धेने गेला नसता.

मोतीलालनेही एक तोंडात घातला. चावला. चावायचा थांबला. पुन्हा हळूहळू चावला.

"बाई," तो म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू झाला, "हा बडा कोनं केला?"

"काहून, काही कमी आहे काय?"

"कमी आहे. तेल कमी आहे. तेल नाहीच म्हना ना."

कौशल्याबाईला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. "आमची सून जवाहरनगरची आहे. तिकडे असेच करतेत."

"मंग मी रीतीनं दिले ते कसे तळलेले होते? बोटाले अजून तेल आहे. तेही हिनंच केले असतीन."

 कौशल्याबाईने सुनेकडे पाहिलं, सुनेने गंजाकडे. ओसरीवर फक्त तेजरामच्या चावण्याचा आवाज येत होता. तो दुसऱ्या बड्याच्या मध्यावर होता.

कीर्ती आतून आली आणि आईच्या बाजूला उभी राहिली.

"बाबांच्या छातीत स्प्रिंग बसवली आहे," ती म्हणाली. "रोवणीत. त्यायले तेल चालत नाही, म्हनून वहिनीनं त्यायचे वेगळे केले. तुमाले सांगितलं नाही, कारण तुमी उठून जासान अशी आईले भीती होती. आता काय ते तुमी ठरवा."

कौशल्याबाईने डोळे मिटले. गोमाजीच्या घरून पाहुणे उठले होते, तो चपलांचा आवाज तिला आधीच ऐकू यायला लागला.

चपला वाजल्या नाहीत. शकुंतलाबाई कीर्तीकडे पाहत नव्हती, तेजरामकडेही नाही. ती नवऱ्याच्या ताटाकडे पाहत होती.

"तुमचे बडे कुठी गेले?"

"रीतीप्रमानं दिले."

"चारही?"

"रीत आहे त्यांच्याकडची."

"रीत एका बड्याची असते," शकुंतलाबाई म्हणाली. "मले वाटलंच. बसल्या बसल्या छताकडे पाहून राहिले होते, ताटाकडे नाही. घाम फुटला होता तुमाले." तिने पर्स उघडली आणि त्यातून गोळ्यांची पट्टी काढून मोतीलालच्या ताटाशेजारी ठेवली. "बाई, ह्यायचं मागच्या वर्षीच बायपास झालं. तुमाले सांगाचं नाही, पोराची सोयरीक मोडन, म्हनून मलेच तंबी होती. आमच्या घरी बी हे असेच वाफवलेले बडे रायतेत. म्हनूनच ह्यायनं एका घासात वळखले."

 मग तेजरामने हळूच विचारलं, "तुमी गावात काय सांगितलं होतं?"

"तिरुपतीले गेलो म्हनून," मोतीलाल म्हणाला. "डोस्क्याचे केस बी काढले होते. लोकायले खरं वाटावं म्हनून."

तेजरामने बायकोकडे पाहिलं. "हे तुले सुचलं नाही."

धनंजयला हसू आवरलं नाही, आणि मग कुणालाच नाही. कौशल्याबाईला हसताना आधी रडूच आलं, ते तिने पदराने पुसलं आणि कांद्यावर ढकललं. कांदा घरात कुणी चिरला नव्हता.

"हा बडा मात्र चांगला आहे," मोतीलाल म्हणाला. आवाज पुन्हा हायवेवर गेला होता. "आमच्या घरचे तं दगड रायतेत. बाई, तुमच्या सुनेले म्हना, लाखनीले येऊन एकदा शिकवून दे." मग तो तेजरामकडे वळला. "अन् इवाई, तुमी तो हातातला खाली ठेवा आता. लग्नात उभं राहाचं आहे आपल्याले."

इवाई म्हणजे व्याही. हा शब्द इकडे सोयरीक पक्की झाल्याशिवाय तोंडातून निघत नाही, आणि एकदा निघाला की परत घेता येत नाही. कौशल्याबाईने तो ऐकला, मनात जपून ठेवला, आणि आत जाऊन चुलीपाशी बसली.

बाहेर शकुंतलाबाईने तेजरामच्या ताटातले उरलेले दोन अख्खे बडे उचलून भूषणच्या ताटात टाकले. तिला विहीण व्हायला क्षणभरही वेळ लागला नाही. तेजरामला तेव्हाच कळलं, की या व्यवहारात मुलीला सासर मिळालं, भूषणला बायको, आणि आपल्याला एक पहारेकरी जास्तीची. तृप्तीने दोघा व्याह्यांना कोचईची कढी आणि मऊ भात वाढला. मोतीलालने वाटी रिकामी केली, आणि तेजरामने सवयीने सांगितलं, भांडं रिकामं करून द्यावं लागतं, घ्या अजून. दोघांनी भांडं रिकामं करून दिलं.

जेवणं झाली. मंडळी मंडईत फिरायला निघाली. सुशीलाबाई फाटकातच उभी होती. तिने मोतीलालच्या तोंडून 'इवाई' हा शब्द ऐकला आणि तो घेऊन गावभर निघाली. कीर्ती आणि भूषण सगळ्यांच्या मागे, जरा जास्तच मागे, चालत होते.

स्वयंपाकघरात तृप्ती ताटं आवरत होती. सासऱ्याच्या ताटात अर्धा बडा उरला होता, तळलेला, कडा अजून कुरकुरीत. तिने तो वाटीत ठेवला आणि सासूपुढे केला.

"आई, आज कोणता वार? उपास तर नाही ना?"

कौशल्याबाईने वाटीकडे पाहिलं, मग सुनेकडे. रोवणीपासूनचे सगळे सोमवार, गुरुवार आणि देवीचे मंगळवार हिने मोजले होते, आणि ते देवासाठी नव्हते, नवऱ्याचं तेल बंद म्हणून होते, हेही ओळखलं होतं, हे तिला तेव्हा समजलं.

"नाही," ती म्हणाली. "आज कोनताच नाही."

तिने बडा तोंडात घातला, आणि खाऊन झाल्यावर विचारलं, "अजून आहेत काय व?"