नीट बघून घेतलेली गाडी

माझ्या नवऱ्याला गाड्यांतलं सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो, आणि तिथे नंबर काढायला आलेला माणूस जाताना गाडीचा सल्ला घेऊन जातो. चष्मा एखादेवेळी काउंटरवर विसरतो, सल्ला नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची गाडी यानेच ठरवली, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची यानेच, आणि मी ज्या लाँड्रीत काउंटरवर असते तिच्या मालकिणीचीही यानेच. आजवर एकालाही पश्चात्ताप झालेला नाही. दुसऱ्याची गाडी ठरवायची असली की हा माणूस चुटकीसरशी शहाणा होतो. "तुमच्या आई मागे बसणार ना? मग दार रुंद हवं. घरापाशी चढ आहे? मग हे इंजिन नको." असं शांतपणे सांगतो, आणि बरोबर सांगतो.

स्वतःच्या गाडीचा विषय निघाला की मात्र त्याचा आवाजच बदलतो. नवरदेवाचा होतो.

त्याच्या स्वप्नातल्या गाड्या आमच्या शोकेसमध्ये राहतात. बोटाएवढ्या, पत्र्याच्या, दारं उघडणाऱ्या. चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने तो त्या पुसतो, आणि मी झाडू मारताना शोकेसला कोपर लागलं तर असा बघतो की जणू खराखुरा अपघात झाला. त्यातली एक लांब नाकाची आहे, तिला तो 'राणीसरकार' म्हणतो. मला लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा असं काही म्हणाला नव्हता.

आता ही स्वप्नं चालली असती अशीच म्हातारपणापर्यंत, माझी काही हरकत नव्हती. माणसाला काहीतरी नाद असावा, आणि पत्र्याच्या गाडीला पेट्रोल लागत नाही. पण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला, आणि आम्हाला खरीखुरी गाडी लागली.

कशाला, तर मावशींकडे जायला. मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. राहतात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मुलगा-सुनेकडे. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलायच्या, आणि बोलणं म्हणजे काय, शेजारणीच्या पडद्यांपासून लहानपणीच्या भांडणांपर्यंत सगळं. ऑपरेशननंतर सासूबाईंचं बसच्या पायऱ्या चढणं बंद झालं, आणि मावशींचं एकटीने बाहेर पडणं वयामुळे आधीच बंद होतं. मी म्हटलं, "टॅक्सी बोलावू, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ. त्यात काय आहे?"

नवरा दुखावला. "आपली स्वतःची गाडी येत असताना आईला भाड्याच्या गाडीतून नेऊ?"

"कुठे येतेय? मला तर कुठे दिसत नाहीये."

"बघतोय ना मी."

आणि सासूबाई, ज्या एरवी माझ्याच बाजूच्या असतात, त्या मुलाच्या पक्षात गेल्या. त्यांनी ताईला फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, की माझा मुलगा गाडी घेतोय, त्याच गाडीतून तुझ्या दारात उतरणार. आता टॅक्सीतून उतरल्या असत्या तर जन्मभर ताईने ऐकवलं असतं. थोरल्या बहिणीसमोर नाक वर ठेवायचं म्हणजे बायपास करून घेण्याइतकं गंभीर काम असतं, ते मला उशिरा कळलं. मला एकच भाऊ आहे आणि त्याला नाकच नाही.

तर नवरा गाडी बघू लागला. बघू लागला म्हणजे बघतच राहिला. एका गाडीचं इंजिन चांगलं पण आवाज शिलाई मशीनचा. एक सगळ्या बाजूंनी उत्तम, पण तिचं नवं मॉडेल लवकरच येणार, "आत्ता घेणारा मूर्ख." नवं मॉडेल आलं तर त्याचे दिवे रडवेले. एकीचा रंग नुसत्या फोटोत बरा. एकीचं दार लावताना 'ठप्प' व्हायला हवं ते 'टण्ण' होतं. मी विचारलं, "दाराच्या आवाजाने काय होतं?" त्याने माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. औषधवाल्याला घेऊन दिली तशी उंच, चौकोनी, साधी गाडी घे, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाला, "तो डबा? तो लोकांसाठी ठीक आहे गं."

आम्ही लोक नव्हतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

तिकडे मावशींचं बोलणं विस्कटत चाललं होतं. आधी एकच गोष्ट दोनदा सांगायच्या. मग फोन ठेवून लगेच परत करायच्या, मघाशी काही बोललोच नाही अशा. सासूबाई हसून म्हणायच्या, "ताईला आता वेळ जात नाही." मग एक दिवस मावशींच्या सुनेने माझ्या लाँड्रीत फोन केला. तिचा आवाज दबका होता. मावशींनी सकाळी मुलाला विचारलं होतं, तुम्ही कुणाकडे आलात म्हणून. "डॉक्टर म्हणाले, उतार वेगाने आहे. तुमच्या सासूबाईंना यायचं असेल तर आता आणा. आवाज ओळखतायत अजून. चेहरा ओळखतील तोवर आणा."

समोर एक गिऱ्हाईक कोटावरच्या डागाविषयी हुज्जत घालत होतं. मी त्याला काय उत्तर दिलं, देव जाणे.

घरी येऊन नवऱ्याला एका दमात सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. वाईट माणूस नाही हो तो, हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण यापुढे तुम्हाला तसं वाटणार नाही. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघ्यापेक्षा खालच्या जागेवर कधीही बसायचं नाही, सांधा निखळेल. तर याच माणसाने पलंगाखाली लाकडी ठोकळे बसवले, पातळी काढून, पुन्हा काढून, केसाचाही फरक राहू दिला नाही. खुर्चीला उंची दिली, संडासाला उंची दिली. आई कुठेही बसायची असली की हा आधी हात लावून जागा बघायचा.

"या रविवारी नेतो," तो म्हणाला. "शब्द देतो. काय वाट्टेल ते झालं तरी गाडी आणतो."

आणि आणली. शनिवारी संध्याकाळी खाली हॉर्न वाजला, मी खिडकीतून वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

लाल. दोन दारांची. रस्त्याला पोट घासेल इतकी बुटकी. एका दंतवैद्याने हौसेने सांभाळलेली, फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढलेली, असं नवऱ्याने जिना चढतानाच सांगायला सुरुवात केली. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला ओरडायचंही सुचेना.

"हा व्यवहारी निर्णय आहे," तो म्हणाला. "राणीसरकार घेतली का मी? नाही. मनाला मुरड घातली. ही जुनी आहे, छोटी आहे, कमी पितेसुद्धा."

"मागे कोण बसणार?"

"मागे कशाला? आई पुढे बसेल. तू टॅक्सीने ये मागून."

त्याने ती गाडी चालवून पाहिली होती, पुन्हा पुन्हा. वळणावर पाहिली, चढावर पाहिली, दाराचा आवाज डोळे मिटून ऐकला. शेजारच्या सीटवर तो एकदाही बसला नव्हता. कशाला बसेल? गाडीचा वेडा माणूस कधी शेजारच्या सीटवर बसतो का?

रविवारी सकाळी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून, काठी टेकत खाली आल्या. हातात पिशवी, पिशवीत ताईसाठी विणलेली शाल. बिल्डिंगमधले सगळे उभे होते. नर्सबाईंनी गाडी पाहिली, सासूबाईंची काठी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

नवऱ्याने अदबीने दार उघडलं. 'ठप्प'वालं दार.

सासूबाई डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पाठमोऱ्या झाल्या. सीट पायाला लागेपर्यंत मागे सरकायचं, मग आधार धरून बसायचं. सरकल्या. सीट पोटरीलाच लागली.

"बस आई."

"कुठे रे?"

"थोडं खाली. अजून थोडं. मी धरलंय."

"अहो, थांबा!" नर्सबाई ओरडल्या. "सांधा निखळेल त्यांचा!"

नवऱ्याने हात सोडला नाही, पण थांबला. मग पळत वर गेला आणि जाड उशी घेऊन आला. उशी ठेवली तर बूड पोचलं असतं, पण डोकं छताला अडलं. दुसरी पातळ उशी आली. औषधवाल्याने सीट मागे पाडून बघायला सांगितलं. कुणीतरी म्हणालं, आडवं करून घाला. गाड्यांतलं सगळं कळणारा माझा नवरा घामाघूम होऊन एका सीटची उंची वितीने मोजत होता, आणि ती मोजून वाढत नव्हती.

सासूबाई सावरून उभ्या राहिल्या. त्यांनी लाल टपावरून हात फिरवला. "सुरेख आहे रे गाडी," त्या म्हणाल्या. "बसायलाच हवं असं कुठे आहे?"

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी फोन काढला आणि टॅक्सी बोलावली. नवऱ्याने लाल गाडीतल्या उशा काढून घेतल्या.

टॅक्सी आली. उंच, चौकोनी, डबा. सासूबाई खुर्चीत बसावं तशा बसल्या. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि पहिल्याच वळणावर म्हणाला, "उजव्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी आहे तुमच्या." सवय, दुसरं काय.

"तुम्हाला बरंच कळतं," ड्रायव्हर म्हणाला. "तुमची कुठली?"

मागून सासूबाईंनीच उत्तर दिलं, "लाल आहे. फार चांगली आहे."

मावशींच्या सुनेने दार उघडलं. मावशी खिडकीपाशी बुटक्या कोचावर बसल्या होत्या, खाली रस्त्याकडे डोळे लावून. शेजारी एक उंच पाठीची, उंच पायांची खुर्ची होती, तिच्यावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला. सासूबाई काठी टेकत त्यांच्यापाशी गेल्या. मावशींनी वर पाहिलं आणि परक्या पाहुण्यांकडे बघून हसतात तशा हसल्या.

"या. आमच्या मुलाच्या ओळखीच्या का?"

सुनेने मान खाली घातली. सासूबाईंचे ओठ हलले, पण त्यांनी ताई अशी हाक मारली नाही. चालून दमल्या होत्या, म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला.

"नाही, नाही, तिथे नको," मावशी लगबगीने म्हणाल्या. "रागावू नका हं. ती खुर्ची माझ्या धाकट्या बहिणीसाठी आहे. तिचं ऑपरेशन झालंय, तिला खाली बसवत नाही. तुम्ही इथे कोचावर बसा."

"सकाळी माझ्याकडून इथे ओढवून घेतली ती खुर्ची," सून पुटपुटली. "रोजच घेतात."

कोच बुटका होता. सासूबाईंना त्याच्यावर बसता येणार नव्हतं, आणि खुर्ची तर राखून ठेवलेली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी उभी बरी आहे. बहीण कधी येणार तुमची?"

"येईल आता. तिचा मुलगा गाडी घेतोय ना, त्या गाडीतून येणार आहे." मावशींनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. "फार हुशार आहे तो. उगाच कुठलीही उचलून आणणार नाही."

माझा नवरा दारातच थबकला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते, आणि ते सासूबाईंना आवडलं नसतं.

"नीट बघूनच घ्यावी गाडी," मावशी म्हणाल्या. "घाई काय आहे?"

"घाई काही नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या रिकाम्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.